दुवा कोठें तुटला?

एकाद्या घरचा दिवा रात्रीं अकस्मात् विझला म्हणजे घरांतील शहाणें माणूस पहिल्यानें खिडकींतून शेजाऱ्याच्या घराकडे पाहतें. शेजारीं उजेड असला तर दोष आपल्या घरांत आहे. सारी आळीच अंधारांत असली तर तो दूर कोठें तरी आहे. एवढें अनुमान करावयास विजेचें शास्त्र यावें लागत नाहीं. पण ह्या लहानशा कृतींत दोष शोधण्याची सगळी विद्या बीजरूपानें सांठविलेली आहे. दोष कोणाचा, हा प्रश्न मागाहून. दोष कोठें, हा प्रश्न आधीं. आणि ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळावयाचें तर रस्त्यांतील निदान दोन ठिकाणें आपणांस पाहतां आलीं पाहिजेत.

हें पाहतां येणेंच दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे. ज्या वस्तूचा इतिहास आम्ही येथें सांगणार आहों ती डोळ्यांनीं मुळींच दिसत नाहीं. तिला पेटी नाहीं, तार नाहीं, लुकलुकणारा दिवा नाहीं. संगणकाच्या स्मृतींत लिहिलेल्या नियमांची ती बनलेली आहे. काम मात्र जुन्या टेलिफोन-कचेरींत फळीपुढें बसणाऱ्या बाईचेंच करते. ज्याला ज्याच्याशीं बोलावयाचें असेल त्याची त्याच्याशीं गांठ घालून देणें हें तें काम होय. ह्या वस्तूस व्हर्च्युअल स्विच, म्हणजे आभासी स्विच, असें म्हणतात. आज आपण घरबसल्या जे व्यवहार करतों त्यांतील पुष्कळसे दूरच्या कोणत्या तरी इमारतींत अशा स्विचांतून जातात. असा स्विच अडला तर दोष शोधावयाचा कसा, हें कळण्यास तो आजच्या रूपास कसा आला हें पाहिलें पाहिजे.

टेलिफोनच्या आरंभकाळीं स्विच म्हणजे जिवंत माणूस होता. अमेरिकेंतील न्यू हेवन येथें १८७८ च्या जानेवारींत टेलिफोनची कचेरी उघडली, आणि चार वर्षांनीं, १८८२ सालीं, मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या तिन्ही शहरीं तशा कचेऱ्या सुरू झाल्या. बोलणाऱ्यानें नांव किंवा नंबर सांगावा, आणि फळीपुढें बसलेल्या माणसानें एका भोंकांतील दोरी दुसऱ्या भोंकांत खोंचून दोघांची गांठ घालावी, अशी ती व्यवस्था होती. तींत वेळ जाई, चुका होत, हें खरें. पण तिच्यांत एक मोठी सोय होती. गांठ पडली नाहीं तर कां पडली नाहीं हें विचारतां येई. पलीकडे कोणी उचलीत नाहीं, त्यांचें दुसऱ्याशीं बोलणें चाललें आहे, किंवा तिकडची तारच तुटली आहे, अशीं निरनिराळीं उत्तरें मिळत, आणि प्रत्येक उत्तर निराळा दोष दाखवी. जोडणारें माणूस हेंच दोष शोधण्याचें पहिलें साधन होतें.

परंतु जो जोडतो त्याच्या हातीं न जोडण्याचीहि सत्ता असते. कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रौजर नांवाचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था लावून देण्याचा धंदा करीत असे. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन-कचेरींत कामाला होती आणि स्ट्रौजरकडे येणारीं गिऱ्हाइकें ती आपल्या नवऱ्याकडे वळवी, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेंत तथ्य किती हें बाजूस ठेवूं; मधलें माणूस काढून टाकणारें यंत्र स्ट्रौजरनें शोधून काढलें, त्याचें पेटंट त्यास १८९१ च्या मार्चांत मिळालें, आणि १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं त्या यंत्राची पहिली कचेरी चालूं झाली, एवढें निश्चित आहे.

स्ट्रौजरची तक्रार नीट पाहिली तर ती केवळ फसवणुकीची नाहीं. आपल्याकडे येणारा निरोप वाटेंत कोठें वळला हें आपणांस दिसत नाहीं, हें तिचें मूळ आहे. त्याच्या यंत्रानें पक्षपात घालविला. पण 'कां' ह्या प्रश्नास उत्तर देणारा आवाजहि त्याबरोबरच घालविला. पुढील सव्वाशें वर्षांत हा सौदा पुन्हां पुन्हां झालेला वाचकांस दिसेल. मधला दुवा जितका जलद झाला तितका तो मुका झाला, आणि त्यास बोलतें करण्यासाठीं दर वेळीं कोणास तरी निराळी खटपट करावी लागली.

संगणकांचें संभाषण माणसांच्या बोलण्यासारखें अखंड चालत नाहीं. क्षणभर मजकुराचा लोंढा येतो आणि मग बराच वेळ शांतता असते. त्यांच्यासाठीं एक तार अडवून ठेवणें महाग पडे. म्हणून १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस ह्या दोघांनीं, एकमेकांच्या नकळत, एकच युक्ति सुचविली. निरोपाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता घालावा, आणि वाटेवरील प्रत्येक ठाण्यानें पत्ता वाचून तुकडा पुढें धाडावा. ह्या तुकड्यास डेव्हिसनें पॅकेट हें नांव दिलें.

ह्या पद्धतीचा पहिला निरोप आर्पानेट नामक जाळ्यावरून २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे गेला. 'लॉगिन' हा शब्द एकेका इंग्रजी अक्षरानें पाठवावयाचा होता. पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडील संगणक कोसळला. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, दोन्ही टोकांचीं माणसें त्या वेळीं साध्या टेलिफोनवर एकमेकांशीं बोलत होतीं आणि अक्षर पोंचलें कीं नाहीं हें विचारून घेत होतीं. म्हणूनच जाळें शाबूत असून दोष पलीकडच्या संगणकांत आहे हें त्यांस कळूं शकलें. ज्या वाटेची परीक्षा करावयाची तिच्याकडे दुसऱ्या वाटेनें पाहतां आलें पाहिजे, हा धडा जाळ्याच्या जन्मदिवशींच मिळाला.

लांबच्या जाळ्यांची अशी उभारणी चालली असतांना एकाच इमारतींतील संगणक जोडण्याचा प्रश्न पुढें आला. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ ह्यानें १९७३ सालीं ईथरनेटची कल्पना मांडली. मूळचें ईथरनेट चाळीच्या चौकांत मारलेल्या हाकेसारखें होतें. तार सामाईक, कोणीहि हांक मारली तरी ती सर्वांस ऐकूं जाई, आणि ज्याचें नांव घेतलें असेल तोच ओ देई. गर्दी वाढली कीं गोंगाट होई. पण दोष शोधणाऱ्यास ही रचना फार सोयीची होती. चौकांत कोठेंहि उभें राहिलें तरी सर्व संभाषण कानीं पडे.

गोंगाट कमी करण्यासाठीं चौकाचे भाग पाडण्यांत आले आणि त्यांमध्यें पूल बांधण्यांत आले. हा पूल येणाऱ्या प्रत्येक पॅकेटावर धाडणाऱ्याचा पत्ता वाची आणि 'अमुक पत्त्याचा संगणक ह्या बाजूस आहे' अशी नोंद आपल्या वहींत करून ठेवी. पत्ता नोंदलेला असला तर पॅकेट नेमक्या बाजूस जाई. नसला तर सर्व बाजूंस सोडलें जाई. मात्र दोन पूल मिळून वर्तुळ झालें तर तेंच पॅकेट अखंड फिरत राही व क्षणार्धांत सारें जाळें बंद पडे. डिजिटल इक्विपमेंट कंपनींतील रेडिया पर्लमन ह्या विदुषीनें १९८५ सालीं ह्यावर तोड काढली. पुलांनीं आपसांत निरोप पाठवून कांहीं वाटा आपणच बंद ठेवाव्या, म्हणजे वर्तुळ न उरतां झाडाच्या फांद्यांसारखी रचना राहील, अशी ती तोड होती.

१९९० सालीं कॅलिफोर्नियांतील एका लहान कंपनीनें सात पोर्टांचा ईथरनेट स्विच बाजारांत आणला. तिच्या दोघां संस्थापकांपैकीं विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते, आणि त्यांच्या पत्नीच्या नांवावरून कंपनीचें नांव 'कल्पना' असें ठेविलें होतें. १९९४ सालीं ती सिस्को ह्या मोठ्या कंपनीनें विकत घेतली आणि हें नांव मागें पडलें. तरी मराठी वाचकास त्यांत एक योगायोग दिसल्याशिवाय राहणार नाहीं. कारण पुढें वीस वर्षांच्या आंत स्विच खरोखरच कल्पनेंत जाऊन बसणार होता. स्विचामुळें प्रत्येक जोडीचें संभाषण खाजगी झालें व वेग वाढला. पण चौकांत उभें राहून ऐकणारा आतां बहिरा झाला. त्याला ऐकावयाचें तर स्विचाकडूनच त्या संभाषणाची प्रत मागून घ्यावी लागे.

ह्याच सुमारास मुक्या जाळ्यास बोलतें करणारीं तीन साधनें निर्माण झालीं, आणि तीं आजहि प्रथम हातीं घेतलीं जातात. अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेंतील माइक म्यूस ह्यानें १९८३ च्या डिसेंबरांत, जाळें विचित्र वागूं लागलें म्हणून, एका संध्याकाळीं एक छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या ध्वनीवरून त्यानें त्याला 'पिंग' असें नांव दिलें. 'आहेस का?' असें विचारावयाचें आणि 'आहें' हें उत्तर किती वेळानें आलें तें मोजावयाचें, एवढेंच त्याचें काम. त्यानंतर चारपांच वर्षांत व्हॅन जेकबसन ह्यानें वाटेवरील ठाण्यांचीं नांवें क्रमानें सांगणारा 'ट्रेसरूट' लिहिला, आणि त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं बर्कले येथील प्रयोगशाळेंत, तारेवरून जाणारें प्रत्येक पॅकेट वाचून दाखविणारा 'टीसीपीडंप' तयार केला. पहिलें साधन हांक मारतें, दुसरें वाट दाखवितें, तिसरें कान लावून बसतें.

आतां कंटेनरकडे वळूं. हा शब्द जहाजांच्या धंद्यांतून आला आहे. १९५६ च्या एप्रिलांत माल्कम मक्लीन ह्याचें 'आयडियल एक्स' हें जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलें, आणि मालवाहतुकीची रीत पालटली. पेटींत काय आहे ह्याच्याशीं क्रेनला कर्तव्य नाहीं. पेटीचा आकार ठरलेला असला म्हणजे झालें. मुंबईसमोर न्हावाशेवा येथें १९८९ सालीं सुरू झालेलें बंदर ह्याच तत्त्वावर चालतें. संगणकाच्या कार्यक्रमांसहि अशी पेटी असावी, म्हणजे तो कोणत्याहि संगणकावर बिनबोभाट चालेल, ही कल्पना २०१३ च्या मार्चांत सॉलोमन हाइक्स ह्यानें एका परिषदेंत पांच मिनिटांच्या भाषणांत पुढें मांडली. त्याच्या साधनाचें नांव डॉकर, म्हणजे गोदी-कामगार.

पेटीची उपमा मालापुरती बरोबर आहे. राहणीपुरती वाड्याची उपमा अधिक जुळते. एका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें असतात. छप्पर एक, विहीर एक. पण दार निराळें, चूल निराळी. लिनक्स ह्या व्यवस्थेंत २००८ च्या सुमारास अशी तजवीज झाली कीं, एकाच संगणकांतील प्रत्येक बिऱ्हाडास स्वतःचा जाळ्यावरील पत्ता, स्वतःचा मार्गांचा तक्ता आणि स्वतःचें दार मिळावें. बिऱ्हाडाचें दार वाड्याच्या चौकाशीं जोडण्यासाठीं दोन तोंडांची एक आभासी नळी असते. एक तोंड कंटेनरच्या आंत, दुसरें बाहेर. एका तोंडांत घातलेलें पॅकेट दुसऱ्यांतून निघतें. हीं बाहेरचीं तोंडें एकमेकांस जोडणारा जो कोणी चौकांत बसतो, तोच आभासी स्विच.

अशा स्विचांपैकीं ज्याचा सर्वांत अधिक बोलबाला झाला तो 'ओपन व्हीस्विच'. स्टॅनफर्डचे निक मॅकीऑन, त्यांचा शिष्य मार्टिन कसाडो आणि बर्कलेचे स्कॉट शेंकर ह्या तिघांनीं २००७ सालीं निसिरा नांवाची कंपनी काढली. निर्णय करण्याचें काम आणि पॅकेटें ढकलण्याचें काम हीं वेगळीं करावीं, म्हणजे साऱ्या जाळ्याचे नियम एका ठिकाणाहून ठरवितां येतील, असें त्यांचें मत होतें. त्यांच्या कंपनींतील बेन फॅफ व इतरांनीं २००९ सालीं ओपन व्हीस्विचचें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचा मूळ मजकूर कोणासहि पाहण्यास व बदलण्यास खुला होता. २०१२ च्या मार्चांत त्याचा वेगवान भाग लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाला. त्याच वर्षीं व्हीएमवेअर कंपनीनें निसिरा सुमारें १२६ कोटि डॉलरांस विकत घेतली. आणि २०१६ सालीं हा प्रकल्प लिनक्स फौंडेशन ह्या संस्थेच्या छत्राखालीं आला.

त्याची कार्यपद्धति कचेरीच्या दृष्टांतानें चटकन् कळेल. बाहेर खिडकीशीं एक चपळ कारकून बसला आहे आणि आंतल्या खोलींत साहेब बसला आहे. ज्या प्रकारचें पॅकेट पूर्वीं कधीं आलें नाहीं तें कारकून आंत पाठवितो. साहेब नियमांचें मोठें पुस्तक चाळून निकाल देतो. कारकून तो निकाल एका चिठ्ठीवर टिपून ठेवतो आणि त्या जातीचीं पुढचीं पॅकेटें, साहेबास न विचारतां, झपाझप सोडतो. ह्याखेरीज कपाटांत एक नोंदवही असते. कोणतें दार कोणत्या नांवानें जोडलें आहे हें तींत लिहिलेलें असतें, आणि संगणक बंद होऊन पुन्हां चालूं झाला तरी ती वही पुसली जात नाहीं. कारकून, साहेब आणि नोंदवही हे तीन निराळे आहेत, हें ज्यानें ध्यानांत ठेविलें त्याचें निम्में काम झालें.

समजा, एका कंटेनरमधून दुसऱ्याकडे निरोप जात नाहीं. हांक मारली, उत्तर नाहीं. अशा वेळीं उतावळा मनुष्य सर्व बंद करून पुन्हां चालूं करतो. कधीं कधीं त्यानें कार्य होतें, पण दोष कोठें होता हें कायमचें नाहींसें होतें. जाणता मनुष्य पॅकेटाच्या पावलावर पाऊल ठेवून निघतो. पहिलें ठाणें बिऱ्हाडाच्या आंत : पत्ता आहे का, दार उघडें आहे का, बाहेरची वाट तक्त्यांत आहे का? दुसरें ठाणें नळी : आंतल्या तोंडावर बाहेरच्या तोंडाचा क्रमांक लिहिलेला असतो, त्या क्रमांकाचें तोंड बाहेर सांपडतें का? तिसरें ठाणें नोंदवही : तें तोंड स्विचाच्या नोंदींत आहे का, आणि त्यास योग्य गटाचा शिक्का आहे का? एकाच स्विचावरील दोन दारांस निराळ्या गटांचे शिक्के पडले तर तीं शेजारीं असूनहि परस्परांस ऐकूं येत नाहींत, आणि असें करणें हें स्विचाचें कर्तव्यच असतें.

चौथ्या ठाण्यावर कान लावावयाचा. निरोप निघण्यापूर्वीं धाडणारा सर्वांस विचारतो, 'अमुक पत्ता कोणाचा?' पलीकडचा उत्तर देतो, 'माझा.' टीसीपीडंप घेऊन नळीच्या बाहेरच्या तोंडाशीं बसलें म्हणजे प्रश्न गेला कीं नाहीं व उत्तर आलें कीं नाहीं हें ऐकूं येतें. अल्याड ऐकूं येतें व पल्याड येत नाहीं, असा ठाव सांपडला कीं दोष त्या दोहोंच्या मध्यें आला. अधिक वेगासाठीं कांहीं मांडणींत पॅकेटें लिनक्सच्या गाभ्यास वळसा घालून जातात. तेथें टीसीपीडंपला नेहमींच्या ठिकाणीं कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि पुन्हां जुन्या काळाप्रमाणें स्विचाकडे प्रत मागावी लागते.

पांचवें ठाणें स्विच स्वतः, आणि येथें ह्या इतिहासांतील एक विलक्षण गोष्ट पाहावयास मिळते. ओपन व्हीस्विचला एक काल्पनिक पॅकेट सांगतां येतें : 'अमुक दारानें, अमुक पत्त्यावरून, अमुक पत्त्याकडे जाणारें पॅकेट आलें तर तूं काय करशील?' प्रत्यक्ष कांहीं न पाठवितां तो उत्तर देतो. कोणता नियम प्रथम लागला, त्यानें कोठें धाडलें, पुढें कोणता लागला, आणि शेवटीं पॅकेट कोणत्या दारानें सोडलें किंवा कोणत्या नियमानें टाकून दिलें, ही हकीगत तो पायरीपायरीनें सांगतो. शिवाय प्रत्येक नियमापुढें त्यानें आजवर किती पॅकेटें हाताळलीं ह्याचा आंकडा असतो. हांक मारीत राहावें आणि कोणता आंकडा वाढतो तें पाहावें. स्ट्रौजरच्या यंत्रानें घालविलेला आवाज अशा रीतीनें, शतकानंतर, परत मिळाला. मात्र हा जबाब साहेबाचा आहे. कारकुनाजवळच्या चिठ्ठ्या, नळ्या आणि बाहेरच्या तारा ह्यांची साक्ष निराळी घ्यावी लागते.

ह्या वाटेवर वारंवार सांपडणाऱ्या कांहीं दोषांची ओळख करून देणें योग्य होईल. पहिला दोष नोंदवहीचा. कंटेनर बंद पडतो, बिऱ्हाड मोडतें, नळी नाहींशी होते. पण वहींतील नोंद तशीच राहते. कंटेनर पुन्हां उभा राहतो तेव्हां त्याची नळी नवी असते व तिची नोंद कोणीं केलेली नसते. अशा वेळीं स्विचास विचारलें तर तो जुन्या नांवापुढें 'असें दार नाहीं' असा शेरा दाखवितो. वारलेल्या माणसाचें नांव रेशनच्या यादींत आणि नव्या जन्मलेल्याचें नाहीं, तशांतला हा प्रकार. दुसरा दोष वर्तुळाचा. पर्लमनबाईंची ती युक्ति ओपन व्हीस्विचमध्यें आहे, पण मागितल्याशिवाय ती चालूं होत नाहीं. दोन आभासी स्विच दोन वाटांनीं जोडणारास जुनेंच वादळ नव्यानें भेटतें.

तिसरा दोष मापाचा. निरनिराळ्या संगणकांवरील कंटेनरांचें एक जाळें आहे असें भासवावयाचें तर मूळ पॅकेट दुसऱ्या लिफाफ्यांत घालून पाठवावें लागतें. व्हीएक्सलॅन ह्या पद्धतीनें, जिचें वर्णन २०१४ सालीं प्रसिद्ध झालें, लिफाफ्याचें वजन साधारणतः ५० बाइट होतें. रस्त्याची मर्यादा बहुधा १५०० बाइटांची. म्हणजे आंतील पॅकेट १४५० पर्यंतच मावणार. हें कंटेनरला कोणीं सांगितलें नाहीं तर मोठी गंमत होते. पिंग जातो व येतो, कारण तो लहान असतो. संभाषणाचा आरंभहि होतो. मोठा मजकूर निघाला कीं मात्र सर्व स्तब्ध. पिंग यशस्वी झाला एवढ्यावरून रस्ता निर्दोष ठरत नाहीं. हांक मोठ्या मापाची मारून पाहावी लागते.

चौथा दोष सर्वांत फसवा, कारण तो स्विचांत नसतोच. २०१७ च्या जानेवारींत डॉकरची नवी आवृत्ति आली. एकीकडून आलेलें पॅकेट दुसरीकडे जाऊं देण्याचा लिनक्सचा जो सर्वसाधारण परवाना होता तो तिनें, सुरक्षिततेसाठीं, नकारांत बदलला. त्यामुळें जे संगणक कंटेनर चालवून शिवाय इतरांचींहि पॅकेटें पुढें धाडीत होते त्यांचें तें काम एकाएकीं थांबलें. स्विच निर्दोष, नळ्या निर्दोष; पहारेकऱ्याचा हुकूम तेवढा पालटलेला. पांचवा दोष साहेबाच्या गैरहजेरीचा. साहेबाचा कार्यक्रम कोसळला तरी कारकून जुन्या चिठ्ठ्यांवर काम करीत राहतो. म्हणून चालूं संभाषणें चालतात आणि नवीं मात्र जुळत नाहींत. हें लक्षण दिसतांच खिडकी सोडून आंतल्या खोलींत पाहावें.

पण तुटलेल्या दुव्याहून वाईट असा दुवा एक असतो : जो तुटलेला नाहीं, पण खोटें बोलतो. प्रत्येक पॅकेटावर त्यांतील मजकुराची बेरीज लिहिलेली असते. ती जुळली नाहीं तर पॅकेट फेंकून द्यावें व पुन्हां मागवावें असा शिरस्ता आहे. कंटेनरची नळी एकाच संगणकाच्या आंत असते, आणि तेथें मजकूर बिघडण्याचें कारण नाहीं. म्हणून नळीच्या कार्यक्रमांत 'बेरीज तपासली आहे' असा शेरा सरसकट मारून देण्याची सोय होती. बाहेरच्या तारेवरून आलेलें, वाटेंत खरोखरच बिघडलेलें पॅकेट ह्या नळींतून गेलें तर त्यासहि तोच शेरा मिळे. २०१५ सालाच्या अखेरीस ट्विटर कंपनींत एक जाळ्याचें यंत्र पॅकेटें बिघडवूं लागलें, आणि बिघडलेला मजकूर कंटेनरांतील कार्यक्रमांच्या हातीं शुद्ध म्हणून पडूं लागला. अभियंत्यांनीं माग काढीत काढीत तो दोष लिनक्सच्या नळीपर्यंत नेऊन भिडविला आणि २०१६ च्या आरंभीं दुरुस्तीसह प्रसिद्ध केला. पिंग चाललेला, नोंदवही बरोबर, नियम बरोबर. आणि तरी पोंचलेला मजकूर खोटा! न तपासतां तपासल्याचा शेरा मारणें हा मानवी कचेरींतील जुना रोग आहे. तो येथें यंत्राच्या नियमांत उतरला होता. मजकूर कोणाच्या हिशेबाचा असेल, कोणाच्या औषधाचा असेल. नळीस त्याचें काय?

ह्यावरून आम्ही यंत्रांस दोष देऊं इच्छीत नाहीं. मधलें माणूस गेलें तें परत आणावें असें कोणी म्हणणार नाहीं. आजच्या संभाषणांचा एक सहस्रांशहि त्यास झेपणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जोडण्याची विद्या आणि जोडणी कां फसली हें सांगण्याची विद्या ह्या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि पहिली जितकी पुढें जाते तितकी दुसरी आपोआप जात नाहीं. ती प्रत्येक पिढीस नव्यानें, पुष्कळदां त्रासलेल्या एकाद्या माणसानें एका संध्याकाळीं बसून, मिळवावी लागते. ओपन व्हीस्विच किती वेगवान आहे ह्याची वर्णनें पुष्कळ होतात. पण आपण काय केलें व कां केलें ह्याचा जबाब तो मागतांच देतो, हा त्याचा गुण आमच्या मतें अधिक मोलाचा आहे. नवा दुवा बांधणारानें तो किती जलद नेतो हें तर पाहावेंच. पण एके रात्रीं तो अडेल तेव्हां, ज्यानें तो बांधला नाहीं अशा परक्या माणसासहि तो आपला दोष कोठें आहे हें सांगूं शकेल का, हेंहि त्यानें आधींच विचारून घ्यावें.